उल्लेखांची गणती आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयाच्या निवडसमितींत बसण्याचा प्रसंग आला. उमेदवार आनुवंशशास्त्राची एक तरुण अध्यापिका होती. तिच्या शोधनिबंधांत काय आहे हें कोणीं विचारलें नाहीं. इतरांनीं त्यांचा उल्लेख किती वेळां केला एवढा आंकडा पाहिला, आणि तो लहान दिसतांच पान उलटलें. मीही गप्प बसलों, हें कबूल केलें पाहिजे. नाशिकास परततांना मात्र एका जुन्या निबंधाची आठवण कांहीं केल्या मनांतून जाईना.

१९५२ सालच्या मे महिन्यांत ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकांत दोन पानांत मावणारा एक निबंध आला. लेखक सात : मुंबईचे भेंडे, देशपांडे व भाटिया, आणि लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स. मुंबईंत तीन माणसें अशीं आढळलीं होतीं कीं त्यांच्या तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच यांपैकीं एकही द्रव्य नव्हतें, रक्तजलांत मात्र तिहींच्या विरोधी प्रतिद्रव्यें होतीं. नेहमींच्या चांचणींत असा माणूस ओ गटाचा भासतो. परंतु ओ गटाचें रक्त दिलें तर त्याच्या जिवावर बेततें, कारण ओ पेशींवर एच विपुल असतें. त्याला त्याच्याच जातीचें रक्त हवें, आणि तसा मनुष्य आपल्याकडे सुमारें १०,००० त एक मिळतो.

शास्त्रदृष्ट्या यांतील मर्म असें. एच हा पाया. ए किंवा बी ही त्यावरची इमारत. पाया घालणारें जनुक आईबाप दोघांकडूनही निकामी आलें, तर बीचें जनुक शाबूत असूनही त्याचें फळ दिसत नाहीं. तें पुढच्या पिढींत प्रकट होतें. १९५५ सालीं फिलिप लेव्हाइन यांनीं एका कुटुंबांत हें दाखवून दिलें. एक जनुक दुसऱ्यास झांकतें याचें मनुष्यप्राण्यांत इतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच सांपडेल.

आतां उल्लेखांच्या तराजूकडे वळूं. गंमत अशी कीं त्याचा पहिला मोठा प्रयोग आनुवंशशास्त्रावरच झाला. यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं कल्पना मांडली, जोशुआ लेडरबर्ग यांनीं ती उचलून धरली, आणि १९६३ सालीं आनुवंशशास्त्राची उल्लेखसूची निघाली. एखाद्या निबंधाचें पुढें काय झालें, तो कोणीं दुरुस्त केला, कोणीं खोडला, हें शोधणें हा हेतु होता. ती निबंधांची वंशावळ होती. तिचें पुढें वजनमाप झालें. २००५ सालीं हिर्श यांनीं काढलेला निर्देशांक पाहा : पांच निबंधांचा प्रत्येकीं निदान पांच वेळां उल्लेख झाला तर आंकडा पांच. या हिशेबानें ज्यानें आयुष्यांत फक्त तो १९५२ चा निबंध लिहिला, त्याची योग्यता एक! उल्लेख हजार होवोत कीं लाख, तरी एकच.

शिवाय शोध जितका मुरतो तितका त्याचा उल्लेख गळतो. पाठ्यपुस्तकांत आज ‘बॉम्बे’ रक्तगट आहे, भेंडे बहुधा नाहींत. १९९५ सालीं शहराचें नांव अधिकृतपणें बदललें, रक्तगटाचें राहिलें. माणसांचीं नांवें मात्र तळटीपेंतूनही निसटलीं.

आंकडा सर्वस्वीं निरर्थक आहे असें माझें म्हणणें नाहीं. मेंडेलचें नांव पुढें करून स्वतःचा आळस झांकणारे गृहस्थ मीं पुष्कळ पाहिले आहेत. पण भाटिया यांनीं मुंबईच्या रक्तगट-केंद्रांत जें केलें, त्यापैकीं रुग्णाला वेळेवर जुळणारें रक्त मिळण्याचा भाग कोणत्या सूचींत शोधावा?

त्या अध्यापिकेचा निबंध मीं मागाहून मिळवून वाचला. आदिवासी पाड्यांतील सिकलसेलचा तो अभ्यास आहे. मोजणी काळजीपूर्वक, भाषा रुक्ष. तिसऱ्या तक्त्यांत टक्केवारीची एक चूक सांपडली, ती तिला कळविली. समितींत ती चूकही कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती.