मांजरं मारून हसलं कोण?

रॉबर्ट डार्न्टन यांचं ‘द ग्रेट कॅट मॅसेकर’ (१९८४) वाचाच, पण पेन्सिल हातात ठेवून. १७३० च्या दशकातला पॅरिसचा छापखाना. एक शिकाऊ पोरगा छपरावरून रात्र रात्र म्यावम्याव करतो, मालकाला चेटकाची शंका येते, मांजरं हाकलायचा हुकूम सुटतो. कामगार मालकिणीच्या लाडकीसकट ती मारतात आणि नंतर नकला करत पोट धरून हसतात. या हसण्यामागे डार्न्टन मांजर-चेटकिणीच्या समजुती, सणाला मांजरं जाळायचा खेळ दाखवतात. तो भाग भक्कम, त्याला इतरत्रही पुरावे आहेत. पण ‘कामगारांचं बंड’? त्याला आधार एकच, निकोला कोंताने १७६२ मध्ये लिहिलेली हकिकत. रोजे शार्तिए यांनी बोट ठेवलं ते इथेच: शिकाऊ पोरांच्या हालांवर गमतीदार लिहायची तेव्हा रीतच होती. मग आपण वाचतोय ते हसू छापखान्यातलं, की कोंताच्या लेखणीतलं?