जपानी तलवारीच्या पात्याचा घाट आणि त्याचे मूल्यमापन

जपानी तलवारीविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा 'हामोन'कडे, म्हणजे पाणी दिल्यानंतर धारेलगत उमटणाऱ्या रेषेच्या लहरींकडे जाते. ही रेषा डोळ्यांत भरणारी असते, हे खरे. परंतु जपानमधील जाणकार पाते हाती आल्यावर प्रथम ते हातभर अंतरावर उभे धरतात आणि त्याची 'सुगाता' पाहतात. सुगाता म्हणजे पात्याचा एकूण घाट : लांबी, रुंदी, जाडी, बाक आणि टोक यांचे परस्परांशी असलेले नाते. आपल्याकडे तलवारीचे वर्णन करताना मूठ, परज व त्यांवरील जडावाचे काम यांवरच अधिक शब्द खर्ची पडतात. तेथे हा सारा साज उतरवून मग परीक्षेला आरंभ होतो. चांगला घाट कोणता आणि त्याचे श्रेय कोणाचे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यांपैकी दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातील 'मिकाझुकी मुनेचिका' ही तलवार हेइआन कालखंडातील मानली जाते. तिची लांबी ८० सेंटिमीटर आणि बाक २.७ सेंटिमीटर आहे. मुठीलगत रुंद असलेले हे पाते टोकापर्यंत जाता जाता जवळजवळ निम्मे होते. बाकाचा भर खालच्या भागात, जपानी परिभाषेत 'कमरेत' आहे. वर तो हळूहळू सरळ होत जातो आणि अगदी लहान टोकात संपतो. तळाशी पात्याला आलेल्या रुंदीमुळे ते पाय रोवून उभे असल्यासारखे भासते. याच संग्रहालयात असलेली बिझेन प्रांतातील कानेहिराची 'ओ-कानेहिरा' याउलट भव्य आहे : लांबी ८९.२ सेंटिमीटर, बाक ३.४ सेंटिमीटर, वजन सुमारे १.३५ किलो. परंतु रुंदीच्या मानाने पाते पातळ ठेवल्यामुळे ही भव्यता जड होत नाही. दोन्ही घाट उत्तम आहेत आणि दोहोंत समान माप एकही नाही. तेव्हा उत्तम घाट म्हणजे एखादे ठरावीक प्रमाण नव्हे. एका घटकात केलेला बदल इतर घटकांनी तोलून धरणे होय.

हा बाक सर्वस्वी हातोडीने साधलेला नसतो, ही गोष्ट रसग्रहणात विसरली जाते. पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप देतात. धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. तापलेले पाते पाण्यात बुडवताच धार झटकन थंड होऊन कठीण होते आणि किंचित प्रसरण पावते. पाठ सावकाश निवते. परिणामी पाते पाठीकडे वाकते. लोहाराला हा वाढीव बाक आधीच मनात धरून पाते कमी वाकवावे लागते. म्हणजे घाट हा अंशतः भाकितावर उभा असतो, आणि भाकीत चुकले तर पात्याला तडाही जातो.

काळाप्रमाणे घाट बदलत गेला. तेराव्या शतकाच्या मध्यास पाती रुंद आणि टोके आखूड, दणकट झाली. नान्बोकुचो काळात (१३३६ ते १३९२) प्रचंड लांबीची, लांब टोकाची पाती घडली. कान्बुन काळातील (१६६१ ते १६७३) पाती जवळजवळ सरळ व लहान टोकाची आहेत. बांबूच्या तलवारीने होणाऱ्या सरावाशी याचा संबंध जोडला जातो. मला स्वतःला हा घाट काहीसा कोरडा वाटतो.

खरी अडचण नान्बोकुचो काळातील पात्यांबाबत येते. पुढील पिढ्यांना ती गैरसोयीची वाटली व मुठीकडून कापून आखूड करण्यात आली. या क्रियेस 'सुरिआगे' म्हणतात. मोठ्या प्रमाणावर कापले की निर्मात्याची स्वाक्षरी जाते, तळाची रुंदी जाते आणि कमरेतला बाकही कमी होतो. फुकुओका शहर संग्रहालयातील 'हेशिकिरी हासेबे' हे असेच पाते. आज त्याची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर आहे. निर्मात्याचे नाव होनआमी घराण्यातील परीक्षकाने नंतर सोन्यात जडवले आहे. जे उरले आहे ते रुबाबदार आहे. पण हा रुबाब कोणाचा?

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती लावताना संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम मांडले. त्या दृष्टीने समोरच्या पात्यात समतोल असला की पुरे. तो कोणी व केव्हा साधला हा प्रश्न सौंदर्यबाह्य ठरतो. तलवारीच्या बाबतीत ही भूमिका अपुरी पडते असे माझे मत आहे. पाते जितक्या वेळा घासून उजळले जाते तितके ते झिजते. धार आणि कड यांमधील भरीव फुगवटा, ज्याला जपानी लोक 'निकु' म्हणजे मांस म्हणतात, तो नाहीसा होतो. असे थकलेले पाते कित्येकदा अधिक नाजूक, म्हणून अधिक सुंदर भासते. या नाजुकपणाला लोहाराचा गुण मानणे ही समीक्षेतील चूक होय. म्हणूनच जाणकार मुठीतला भागही वाचतात : छिद्रे किती, कानशीच्या रेघा कशा, पात्यावरील पन्हळ मुठीत शिरते काय. या खुणांवरून मूळ घाट मनात उभा करून मगच निवाडा द्यावयाचा असतो.

याचा अर्थ कापलेले पाते दुय्यम असा नव्हे. १३२२ सालचे 'कोर्यू कागेमित्सु' थोडे आखूड केले गेले, त्यामुळे त्यावर कोरलेला चिमुकला नाग मुठीच्या आडून डोकावत असल्यासारखा दिसतो. हे कागेमित्सुने योजलेले नव्हते. तरी आज त्या पात्याची ओळख तीच आहे. कापणाऱ्यालाही नजर असावी लागते, आणि त्याचे श्रेय त्याला वेगळे दिले पाहिजे.

गुंता येथेच संपत नाही. १५९० साली लोहार कुनिहिरोने चोगीच्या एका नान्बोकुचोकालीन पात्याची प्रतिकृती घडविली. मूळ पाते आखूड केलेले असून ते आज नागोया येथील तोकुगावा कला संग्रहालयात आहे. कुनिहिरोचे पाते मात्र कधीच कापले गेलेले नाही. मूठभाग अखंड, स्वाक्षरी जागच्या जागी. तरीही दोहोंची लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आसपासच आहे. पुढे केइचो काळातील (१५९६ ते १६१५) लोहारांनी रुंद पाते, बेताचा बाक व लांब टोक हाच घाट सर्रास स्वीकारला. एका पिढीची कापाकापी दुसऱ्या पिढीसाठी मूळ आराखडा झाली होती.