खुनाचा माग वाक्यातच असतो

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे मराठी कादंबरीपेक्षाही वयाने मोठं. मराठी रहस्यकथा अशा वाचनालयांच्याच जिवावर वाढली. पण वाचनालयांत सहसा रहस्यकथांचं कपाट वेगळं असतं आणि अनुवादित साहित्याचं वेगळं. जिच्यात खून आहे आणि अव्वल साहित्यही, अशा परभाषेतल्या कादंबरीची त्यामुळे पंचाईत होते. रहस्यकथेचा वाचक तिच्यापर्यंत पोचत नाही आणि गंभीर वाचक तिच्यातलं रहस्य गंभीरपणे घेत नाही. समीक्षेतही हीच फाळणी आहे.

रहस्यकथा बाहेरून आणण्याची आपली परंपरा जुनी आणि सकस आहे. दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून ‘कालिकामूर्ती’ रचली, ती इथल्या मातीत रुजवून. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले. पुढे भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, तर अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा. रूपांतराकडून अनुवादाकडे झालेला हा प्रवास मोलाचा आहे. मात्र या बहुतेक कथांत कोडं घटनांमध्ये असतं. घटनाक्रम नीट उतरला की निम्मं काम होतं.

ओरहान पामुक यांच्या ‘माय नेम इज रेड’मध्ये तेवढ्याने भागत नाही. मूळ तुर्की कादंबरी १९९८ची. गणेश विसपुते यांच्यामुळे ती मराठीत आली. काळ १५९१, स्थळ इस्तंबूल. सुलतानाच्या चित्रशाळेतला एक कारागीर मारला गेला आहे आणि विहिरीच्या तळाशी पडलेलं त्याचं प्रेतच आपल्याशी बोलू लागतं. पुढे कुत्रा बोलतो, झाड बोलतं, नाणं बोलतं, लाल रंगही बोलतो. संशयित तीन चित्रकार. प्रेताजवळ सापडलेल्या कागदावर घोडे रेखाटलेले, त्यांच्या नाकपुड्या वेगळ्याच घाटाच्या. ज्या परंपरेत चित्रकाराची स्वतःची शैली हा दोष मानतात, तिथे शैलीच खुन्याला पकडून देणार असते. खुनी स्वतःही आपल्याशी बोलतो, आधी निनावी आणि मग तिघांपैकी एक म्हणून. माझ्या बोलण्यावरून मला ओळखून दाखवा, असं त्याचं वाचकाला आव्हान आहे. इथे पुरावा भाषेतच आहे. अनुवादकाने तिघांना एकाच सुरात बोलायला लावलं तर पुरावा नष्ट होतो. एखाद्याला ठसठशीत लकब दिली तर खुनी आधीच सापडतो.

मराठीत ही कसोटी आणखी अवघड होते. तुर्कीत व्याकरणिक लिंग नाही, इंग्रजीत ‘मी’ बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ‘मी परत आलो’ म्हटलं की अर्धा पडदा उठला. दाराआडून ऐकू आलेल्या संवादात ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हे ठरवताच नातं उघड होतं. पण सुटकेची वाटही मराठीतच आहे. ‘मी त्याला पाहिलं’, ‘मी दिवा विझवला’ या वाक्यांत कर्त्याचं लिंग झाकलेलं राहतं. अनोळखी आवाजाच्या तोंडी अशीच क्रियापदं घालत जाणारा अनुवादक रहस्यकथाकाराइतकाच कसबी म्हटला पाहिजे. जगातलं बहुतेक साहित्य आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने येतं, त्यामुळे ही जबाबदारी वाढते. तुर्की भूतकाळात डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं यांचे प्रत्यय वेगळे आहेत. साक्षीपुराव्याच्या गोष्टीत हा फरक जीव की प्राण. इंग्रजीत तो पुसट होतो. मराठीत ‘म्हणे’ हाताशी असूनही तो परत आणायला मूळ भाषेचा जाणकार सोबत लागतो.

आपली अनुवादसमीक्षा मात्र ‘भाषा ओघवती आहे’ इथेच थांबते. रहस्यकादंबरीत नुसता ओघ पुरत नाही, कधी तो घातकही ठरतो. अवघडलेलं एखादं वाक्य हाच दुवा असतो आणि सफाईच्या नादात तो निघून जातो. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याने शेवट कळल्यावर पुस्तक पुन्हा वाचावं आणि प्रत्येक दुवा जागेवर आहे का ते तपासावं. प्रकाशकांनी मूळ भाषा जाणणाऱ्याकडून मजकूर पडताळून घ्यावा. वाचनालयांनी पामुक यांच्या कादंबरीची एक प्रत रहस्यकथांच्या कपाटातही ठेवावी. अर्नाळकरांवर पोसलेला वाचक कच्चा नाही. दुवे हेरण्याची जी सवय त्याला आहे, तीच या कादंबरीला हवी आहे.