पात्याचे पाणी

कविता, चित्र, शिल्प यांच्या समीक्षेची आपल्याला सवय आहे. वापराची वस्तू मात्र समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच राहते. ती आत घ्यावी असे मला एका शिकारी सुरीने सुचविले. अमेरिकेत असणाऱ्या पुतण्याने ती केरीच्या घरी भेट म्हणून आणली. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, चामड्याचे म्यान, पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी. सोबतच्या पत्रकात, पश्चिमेकडे सरकत गेलेल्या आद्य वसाहतकारांच्या परंपरेनुसार ती हाताने घडविल्याचे म्हटले होते.

सुरी देखणी आहे, हे प्रथमच मान्य करतो. प्रश्न आहे तो परंपरेच्या दाव्याचा. या परंपरेचा मूळपुरुष जेम्स बोवी. 1827 साली मिसिसिपी नदीच्या वाळवंटात झालेल्या मारामारीने त्याची सुरी गाजली. त्याचा भाऊ रेझिन याने 1838 साली तिचे वर्णन केले, ते असे: पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी. अलंकाराचे नाव नाही. मागणी वाढल्यावर इंग्लंडातील शेफील्डच्या कारखान्यांनी तशा सुऱ्या मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला पुरविल्या. म्हणजे त्या काळच्या अनेक सुऱ्या कारखान्यांतल्याच होत्या. लहरींच्या नक्षीचे आजचे वेड तर विल्यम मोरान याने 1973 साली अशी पाती प्रदर्शनात मांडल्यानंतरचे. तेव्हा ही सुरी जो भूतकाळ आठवते तो बराचसा कल्पिलेला आहे. स्मरणरंजनात हे चालते. परंपरेच्या नावाने मात्र ते तपासूनच घ्यावे लागते.

आता आपल्याकडचा कोयता पाहा. मालमोटारीच्या जुन्या कमानपट्टीचा तुकडा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून त्याला आकार द्यायचा आणि मग पाणी पाजायचे. तापलेले पोलाद एकदम निवविले की कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ताठा उतरवावा लागतो. धार टिकावी आणि पातेही तुटू नये, हा तोल म्हणजे पाणी. मराठीने हाच शब्द माणसाच्या तेजासाठीही वापरला, यात कारागिराचा केवढा गौरव आहे!

पुतण्याची सुरी मी आमच्या पाडेल्याच्या हाती दिली. त्याने अंगठ्याने धार चाचपली, दोनदा हवेत फिरविली आणि म्हणाला, “धार बरी आसा, पण वजन खंय?” ही एका ओळीची समीक्षा मला पत्रकापेक्षा मोलाची वाटते. झावळी तोडताना पुढच्या बाजूचे वजनच अर्धे काम करते. माडावर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कोयता कमरेच्या आकडीत अडकतो. त्याचे रूप प्रयोजनातून आले आहे.

हा विवेक कायद्यालाही होता. 1962 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत धरली होती. मात्र घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडविलेली अवजारे वगळली होती. बोवीची सव्वानऊ इंची सुरी या मापात अडकते, कोयता सुटतो. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारी सुरीला कपाटाखेरीज जागाच कोठे उरली?

तरीही दोष परक्या सुरीला देऊन मी सुटत नाही. तिच्या पात्यावर घडविणाऱ्याची खूण आहे. पत्रकात पोलादाचा प्रकार आहे. आपल्या कोयत्यावर लोहाराचे नाव कोणी शोधले? शासकीय सेवेत असताना शेती अवजारांच्या कितीतरी धारिकांवर मी सह्या केल्या. संख्या पाहिली, दर पाहिला. पाणी पाहिले नाही. केरीत आज बाजारातला तयार कोयता स्वस्त मिळतो आणि लोहाराकडे नवा घडवायला टाकणारे थोडे. त्याची भट्टी विझली तर शब्दकोशात ‘पाणी’ राहील, पण त्याची पारख करणारा हात राहणार नाही. ती पारख शब्दांत उतरविणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते आपण अजून सुरूही केलेले नाही.