टपालकार्ड, कारखाना आणि धक्का : वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीतील स्त्रीनेतृत्वाविषयीच्या कथनाची समीक्षा

प्रास्ताविक

मोटारगाडी ही हजारो सुट्या भागांची जुळणी असते आणि त्यांपैकी बहुसंख्य भाग बाहेरच्या लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. कोणता भाग कोणाकडून, किती, कोणत्या दराने व कोणत्या दिवशी घ्यावयाचा, आलेला माल स्वीकारावयाचा की परत पाठवावयाचा, याचे निर्णय जेथे होतात त्या व्यवस्थेस पुरवठासाखळी असे म्हणतात. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या परिसरात वाहनउद्योग वाढला तो या साखळीच्या बळावरच. या साखळीचे नेतृत्व स्त्रीकडे असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र आपल्या लेखनात क्वचितच विचारला गेला आहे. वाहनउद्योगातील स्त्रीची जी प्रतिमा सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनात आहे, ती बहुतांशी सुधा मूर्ती यांच्या ‘अप्रो जेआरडी’ या आठवणलेखातून आलेली आहे. प्रस्तुत लेखात या आठवणलेखाची तपासणी करून, त्याने रूढ केलेली कथनाची रीत पुरवठासाखळीतील नेतृत्व समजून घेण्यास कितपत उपयोगी पडते, याचा विचार करावयाचा आहे.

आठवणलेखाची घडण

मूळ इंग्रजीत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या लेखाचे कथानक सर्वपरिचित आहे. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकत असताना लेखिकेने पुण्याच्या टेल्को कंपनीची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी तीत सूचना होती. लेखिकेने थेट जे. आर. डी. टाटा यांना टपालकार्ड लिहून निषेध नोंदविला. त्यानंतर तिला पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले, तांत्रिक प्रश्नांची तिने समाधानकारक उत्तरे दिली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरील पहिली स्त्री-अभियंता म्हणून तिची निवड झाली.

लेखाची शैली साधी, ओघवती व प्रांजळ आहे. स्वतःच्या उतावळेपणाकडे लेखिका विनोदाने पाहते. टेल्कोचे प्रमुख त्या वेळी सुमंत मूळगावकर होते, हे ठाऊक नसल्यामुळेच कार्ड जेआरडींच्या नावे गेले, ही कबुली त्या प्रांजळपणाचाच भाग होय. हे गुण मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. लेखाचा खरा नायक लेखिका नसून जेआरडी आहेत. प्रसंगांची निवडही त्यांच्या थोरवीस उठाव देण्याच्या हेतूने झालेली आहे. कारखान्यातील प्रत्यक्ष कामाचे तपशील लेखात जवळजवळ येतच नाहीत. ती तेथे काय करीत होती, कोणते निर्णय तिच्या हाती होते, तिच्या शब्दावर कोणाचे काम अडत वा सुटत होते, हे वाचकास कळत नाही. प्रवेशाची कथा सविस्तर आणि अधिकाराची कथा अनुपस्थित, अशी ही घडण आहे.

श्रद्धांजलीपर लेखाकडून कामाचा अहवाल अपेक्षिणे अन्यायाचे होईल, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. तथापि दोष एका लेखाचा नसून त्याच्या अनुकरणाचा आहे. ‘पहिली स्त्री’ या सूत्रावर बेतलेल्या असंख्य परिचयलेखांनी हीच घडण उचलली : दार बंद होते, धाडसाने ठोठावले, उदार व्यक्तीने उघडले. दार उघडल्यानंतरच्या वर्षांविषयी हे लेख गप्प असतात.

संध्याकाळचा प्रसंग

लेखातील सर्वांत हृद्य प्रसंग मुंबईच्या बॉम्बे हाउसमधील आहे. कार्यालयाची वेळ संपलेली, अंधार पडू लागलेला आणि लेखिका पती येण्याची वाट पाहत थांबलेली असताना जेआरडी स्वतः तिच्या सोबतीस थांबतात. एका उद्योगपतीची ही सहृदयता वाचकास हेलावून टाकते. परंतु याच प्रसंगाचे दुसरेही वाचन संभवते. संध्याकाळनंतर काम करणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता ही येथे व्यवस्थेची जबाबदारी न राहता एका थोर माणसाच्या सौजन्याचा विषय बनते. ज्या दिवशी जेआरडी जिन्यात भेटणार नाहीत, त्या दिवशी काय, हा प्रश्न लेख विचारीत नाही.

पुरवठासाखळीच्या संदर्भात तो कळीचा ठरतो. सुट्या भागांचे ट्रक घड्याळ पाहून येत नाहीत. रात्रीच्या शिफ्टमध्ये भाग संपला तर लाइन थांबते, आणि ती पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी ज्याने पेलली त्यालाच पुढे स्टोअर्स व खरेदी या विभागांची सूत्रे मिळतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ६६ ने मात्र स्त्रियांचे काम सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्यापुरते मर्यादित केले होते. राज्य शासनास या वेळा बदलता येत, पण रात्री १० ते पहाटे ५ या काळाची परवानगी देता येत नसे. संरक्षणाच्या हेतूने घातलेल्या या मर्यादेमुळे कारखान्यातील स्त्री अनुभवाच्या ज्या पायऱ्यांवरून नेतृत्वाकडे जाता येते, त्यांपासूनच दूर राहिली.

याच कलमातील एक अपवाद मोठा बोलका आहे. मासळी खारविण्याच्या वा डबाबंद करण्याच्या कारखान्यांत, कच्चा माल नासू नये म्हणून आवश्यक असेल तर, स्त्रियांना या वेळांबाहेरही काम करू देण्याची मुभा राज्य शासनास होती. मासळी नासण्याचा प्रश्न आला की स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार बाजूस ठेवता येत होता, तिच्या बढतीचा प्रश्न आला की तो आड येत होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने स्त्रीची संमती व सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रीचे काम खुले केले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

विजयदुर्गचा धक्का : एक तुलना

कायद्यातील हा मासळीचा अपवाद वाचकास कोकणपट्टीकडे घेऊन येतो. वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग हे मराठ्यांच्या आरमाराचे ठाणे होते. आंग्रे व धुळप या सरदारांची नावे इतिहासाने जपली. त्यांच्या गलबतांना लाकूड, दोर व शिधा पुरविणाऱ्यांची नावे मात्र सहसा आढळत नाहीत. पुरवठा करणारा हात अदृश्य राहण्याची परंपरा अशी जुनी आहे.

या किनाऱ्यावर मासळी उतरली की पुढचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती जातो. लिलावात बोली लावणे, माल निवडणे, ताजा किती विकावयाचा व खारवून किती ठेवावयाचा हे ठरविणे, उधारी सांभाळणे, आठवडाबाजार गाठणे, ही सर्व कामे त्या करतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळासाठी सुक्या मासळीचा साठा आधीच करावा लागतो. कारखान्याच्या परिभाषेत यालाच मागणीचा अंदाज, गुणवत्ता-तपासणी व राखीव साठा म्हणतात. मात्र या स्त्रियांना कोणी व्यवस्थापक म्हणत नाही, आणि नौका, बर्फाचे कारखाने व मोठी वाहने यांची मालकी प्रायः पुरुषांकडेच असते.

म्हणजे धक्क्यावर निर्णय आहे, पण पद व भांडवल नाही. कारखान्यातील चित्र बरेचदा याच्या उलट दिसते. टाटा मोटर्सच्या पुणे येथील प्रकल्पात हॅरिअर व सफारी या गाड्यांच्या जुळणीच्या लाइनवर अलीकडे सुमारे १५०० स्त्रिया काम करू लागल्या. जेथे १९७४ साली एका स्त्रीस अर्ज करण्यास मज्जाव होता, तेथील हा बदल निःसंशय मोठा आहे. परंतु जुळणी करणे आणि भाग कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविणे, ही दोन वेगळी कामे होत. पहिल्या कामातील संख्येवरून दुसऱ्या कामातील अधिकाराचा अंदाज बांधता येत नाही.

नेतृत्वाची कसोटी

हा अधिकार किती भारी असतो, हे जागतिक उदाहरणावरून स्पष्ट होते. मेरी बारा यांच्याकडे २०१३ साली जनरल मोटर्सच्या उत्पादनविकासाबरोबर खरेदी व पुरवठासाखळीचीही सूत्रे आली आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. लगेचच सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बाहेरून घेतलेला तो लहानसा भाग त्यांच्या पूर्वीच्या काळात मंजूर झाला होता, तरी अमेरिकी काँग्रेससमोर उत्तर त्यांनाच द्यावे लागले. खरेदीचा विभाग हा स्त्रियांना सोपविण्याजोगा ‘सौम्य’ विभाग आहे, ही समजूत या घटनेपुढे टिकत नाही.

समारोप

‘अप्रो जेआरडी’ हा कृतज्ञतेचा उत्तम लेख आहे. परंतु स्त्रीनेतृत्वाच्या अभ्यासाचा नमुना म्हणून तो स्वीकारता येत नाही, कारण तो प्रवेशापाशी थांबतो. वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीतील स्त्रियांविषयीच्या पुढील लेखनाने वेगळे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : सदोष माल परत पाठविण्याची सही कोणाची, पुरवठादार निवडण्याचा अधिकार कोणाला, लाइन थांबवू कोण शकते, आणि रात्री दोन वाजता कामावरून निघालेल्या स्त्रीची वाहनव्यवस्था नियमाने होते की कोणाच्या मेहेरबानीने. हेच प्रश्न विजयदुर्गच्या धक्क्यावरही विचारले, तर वाणिज्य, समाजशास्त्र व साहित्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्यातच अभ्यासाचे क्षेत्र उपलब्ध होईल. तेथील स्त्रियांच्या हिशेबाच्या व उधारीच्या पद्धती तोंडी आहेत, आणि त्या सांगणाऱ्या पिढीचे वय वाढत आहे.