बिनधन्याची बैठक

बैठक धन्याची असली म्हणजे तेथलें बोलणेंहि धन्याच्या मर्जीनें चालतें, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाहीं. परंतु त्यावरून, बैठकीचा धनी काढून टाकला कीं बोलणें आपोआप मोकळें व भरपूर होतें, असा जो दुसरा सिद्धांत अलीकडे मांडला जातो, तो मात्र तपासून घेण्याजोगा आहे. गेल्या दहा वर्षांत संगणकाच्या जाळ्यावर अशा बिनधन्याच्या बैठका पुष्कळ उभ्या राहिल्या. मॅस्टोडॉन हें त्यांतलें बरेंच परिचित नांव. तिच्या तंत्राची व तत्त्वाची चर्चा होते. पण तेथें गेलेल्या साध्या माणसाला बोलायला कोणी भेटतें कां, आणि भेटत असेल तर कोणत्या वाटेनें, हा प्रश्न मागेंच राहतो. पत्र, संवाद, निबंध यांप्रमाणें हाहि लेखनाचाच एक प्रकार आहे. आणि लेखनप्रकाराची परीक्षा त्याच्या जाहीरनाम्यावरून न करतां त्यांत प्रत्यक्ष काय घडतें यावरून करावी, हा टीकेचा जुना नियम येथेंहि लागू पडतो.

या रचनेची कल्पना येण्यास शिरोळच्या वाचकाला फार दूर जावें लागणार नाहीं. १९४८-४९ पूर्वींचा आपला मुलूख त्यानें डोळ्यांपुढें आणावा. शिरोळ कोल्हापूर संस्थानांत. पंचगंगेपलीकडचें कुरुंदवाड हें पटवर्धनांचें निराळें संस्थान, आणि त्याच्याहि थोरली व धाकटी अशा दोन पात्या. मार्च १९४८ मध्यें पटवर्धनी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, मार्च १९४९ मध्यें कोल्हापूर झालें. तोंवर दरबार वेगळे व कायदे वेगळे होते; परंतु नृसिंहवाडीची वारी, सोयरीक आणि भाषा यांना सरहद्द नव्हती. मॅस्टोडॉनची मांडणी थेट अशीच आहे. एकेक सर्व्हर म्हणजे एकेक लहान संस्थान. त्याचा चालक, त्याचे नियम व त्याचा खर्च स्वतंत्र. परंतु एका संस्थानांत खातें असलेल्या माणसाला दुसऱ्या संस्थानांतील माणसाचें लेखन वाचतां येतें व त्याला उत्तरहि देतां येतें. हा व्यवहार ज्या समान रीतीनें चालतो तिला ॲक्टिव्हिटीपब असें नांव असून, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें जानेवारी २०१८ मध्यें ती प्रमाण म्हणून मान्य केली. ई-मेलची जातहि हीच. एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जातें, याचें आज कोणाला नवल वाटत नाहीं. गप्पांच्या बाबतींत तेंच घडलें म्हणजे मात्र वाटतें.

मॅस्टोडॉन सुरू केलें तें ऑयगेन रोख्को या जर्मनींतील तरुणानें, २०१६ सालीं. आपल्याकडे त्याचा बोलबाला झाला नोव्हेंबर २०१९ मध्यें. सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें खातें ट्विटरनें बंद केलें, आणि त्या निषेधार्थ पुष्कळ भारतीय मंडळी या नव्या जागेकडे वळली. त्यांतली बरीचशी थोड्याच काळांत माघारीं गेली. पुढें ऑक्टोबर २०२२ मध्यें ट्विटर ईलॉन मस्क यांच्या मालकीचें झालें, तेव्हां तोच प्रकार जगभर घडला. मॅस्टोडॉन वापरणाऱ्यांची मासिक संख्या २५ लाखांपर्यंत चढली, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभीं पुन्हां बरीच उतरली.

माघारीं जाण्याचीं सामान्यतः दोन कारणें सांगितलीं जातात: तंत्र अवघड, आणि माणसें थोडीं. दोन्ही खरीं आहेत, पण पुरेशीं नाहींत. मोबाइलवर सातबारा काढणाऱ्या व पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला एक खातें उघडणें झेपणार नाहीं, असें म्हणणें हा त्याचा अपमान आहे. आणि गप्पांना हजार माणसें लागत नाहींत, पांच पुरतात. आमच्या मतें खरें कारण तिसरेंच आहे. हीं माणसें श्रोते मिळवावयास आलीं होतीं, आणि ही जागा श्रोते पुरविणारी नव्हे.

कंपनीच्या बैठकींत अल्गोरिदम नांवाचा एक अदृश्य कारभारी असतो. कोणाचें बोलणें कोणापुढें ठेवावयाचें तें तो ठरवितो. नवख्याचें एखादें वाक्य तो अनोळखी लोकांपुढें टाकून पाहतो. त्यांतले चार थांबले कीं आणखी चाळीसांपुढें टाकतो. बोलणाऱ्यास वाटतें, आपल्याला माणसें भेटलीं. वस्तुतः त्याला भेटला असतो तो कारभारी, आणि जें वाक्य लोकांना अधिक वेळ खिळवून ठेवील त्यावर त्याची मर्जी असते. मॅस्टोडॉनवर आपल्या घरच्या यादींत लेखन येतें तें काळाच्या क्रमानें. आवडीचीं चिन्हें कितीहि मिळालीं तरी तेथें तें एक पायरीहि वर चढत नाहीं. कारभारी गेला हें चांगलेंच झालें. परंतु माणसांची गांठ घालून देण्याचें जें काम तो वाईट रीतीनें कां होईना करीत होता, तें आतां कोणी करावयाचें?

शिरोळांतील एखादा शाळामास्तर या जागीं गेला आहे अशी कल्पना करूं. त्याच्यापुढें तीन याद्या उघडतात: त्यानें फॉलो केलेल्यांची, त्याच्या संस्थानाची, आणि त्या संस्थानापर्यंत पोंचलेल्या बाहेरच्या लेखनाची. पहिली कोरी आहे, कारण त्यानें अजून कोणालाच फॉलो केलेलें नाहीं. तो लिहितो: “साखरसम्राटांनीं शेतकऱ्याला देशोधडीला लावलें!” उत्तर येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आणखी जोरानें लिहितो. तरीहि येत नाहीं. कारण त्याचें लेखन आपण होऊन कोठें जात नाहीं. ज्या संस्थानांत त्याला फॉलो करणारा निदान एक तरी माणूस आहे तेथें तें पोंचतें, अथवा कोणी तें बूस्ट करून आपल्या मंडळींकडे धाडलें तर पोंचतें. मास्तरांना फॉलो करणारें अजून कोणीच नाहीं. ते आपल्या ओसरीवर उभे राहून व्याख्यान देत आहेत, आणि रस्त्यावर कोणी नाहीं.

आतां हेच मास्तर उलट बाजूनें निघाले असें समजूं. बारामतीकडचा कोणी ऊसतोडीविषयीं लिहितो आहे; त्याला ते उत्तर देतात: “आमच्या खोडव्याला अजून तोड आली नाहीं. तुमच्या भागांत टोळ्या आल्या का?” हें उत्तर मात्र त्या माणसाकडे नेमकें पोंचतें, मग तो कोणत्याहि संस्थानांत असो. त्यालाहि सांगण्यासारखें कांहीं असतें, तो सांगतो. त्याच्या ओळखीचा तिसरा कोणी मध्येंच दोन शब्द टाकतो. आठवड्याभरांत मास्तरांच्या कोऱ्या यादींत चार नांवें येतात. या रचनेंत बोलण्याचा दरवाजा उत्तराच्या बाजूनें उघडतो, घोषणेच्या बाजूनें नव्हे. आणि ज्यांना तेथें मैत्र लाभतें ते बहुधा याच दरवाजानें आंत जातात. आरंभीं स्वतःची ओळख साध्या शब्दांत लिहिणें, मोकळ्या हातानें फॉलो करणें, दुसऱ्याचें चांगलें लेखन पुढें धाडणें, आणि निकाल देण्यापेक्षां प्रश्न विचारणें, या गोष्टी युक्त्या म्हणून सांगितल्या जातात. वास्तविक त्या शेजारधर्माच्या रीति आहेत. वर दिलेल्या दोन वाक्यांत वाङ्मयीन फरकहि आहेच. पहिल्याला टाळी मिळूं शकते, उत्तर मिळूं शकत नाहीं. कारण त्यांत ऐकणाऱ्यासाठीं जागाच ठेवलेली नाहीं.

येथें या रचनेच्या कैवाऱ्यांचा एक घोटाळा दाखविणें अवश्य आहे. मालकी वांटली कीं संभाषण वांटलें गेलें, असें ते गृहीत धरतात. कारखाने, पतसंस्था व दूधसंस्था पाहिलेल्या शिरोळ तालुक्याला हें गृहीत मान्य करतां येणार नाहीं. सहकारांत एका सभासदाला एक मत असतें, भाग थोडे असोत वा पुष्कळ. मालकी इतकी वांटलेली व्यवस्था दुसरी दाखवितां येणार नाहीं. तथापि वार्षिक सभेंत विषय वाचला जातो न जातो तोंच “मंजूर, मंजूर” असा गजर होऊन सभा आटोपते, हें महाराष्ट्रांतील सभासदांच्या चांगल्याच परिचयाचें आहे. सभासद असणें वेगळें आणि सभेंत बोलतां येणें वेगळें. जेथें कोणी हंगामभर सभासदांशीं बोलत आला आहे, त्याच्या शंकेला उत्तर देत आला आहे, तेथेंच सभेंत खरा प्रश्न विचारला जातो. बैठकीला धनी नसला तरी चालतें; यजमान असावाच लागतो. आलेल्याला बसा म्हणणारा, एकाची दुसऱ्याशीं ओळख करून देणारा आणि उद्धटाला उठविणारा कोणी नसेल, तर मोकळी जागा ही केवळ ओसाड जागा ठरते.

दोष सगळा येणाऱ्याचाच आहे असेंहि नव्हे. रचनाकारांनीं कांहीं गोष्टी नाहक अवघड ठेवल्या आहेत. उंबरठ्यावरच ते संस्थान निवडावयास सांगतात, आणि नवख्याला एकाचीहि माहिती नसते. शोधाचें मुख्य साधन हॅशटॅग. तो मराठीला पुरता मानवत नाहीं. आपली भाषा शब्दाला प्रत्यय जोडून चालते. “शिरोळ” या हॅशटॅगनें शोधणाऱ्याला “शिरोळला” किंवा “शिरोळचा” असा हॅशटॅग घातलेलें लेखन सांपडत नाहीं. मजकुरांतले शब्द शोधण्याची सोय सप्टेंबर २०२३ मधील आवृत्तीनें वाढविली; पण ज्यानें संमति दिली त्याचेंच लेखन त्यांत येतें. एकांताच्या दृष्टीनें हें योग्य आहे, परंतु नवख्याची वाट त्यानें लांबते. शिवाय संस्थानें खालसाहि होतात. चालक थकला अथवा खर्च झेपेना झाला म्हणजे सर्व्हर बंद पडतो. आधीं सूचना मिळाली तर आपल्याला फॉलो करणाऱ्यांना नव्या जागीं नेतां येतें. जुनें लेखन मात्र बरोबर जात नाहीं. जो प्रकार दीर्घ सहवासावर उभा आहे त्यांत आठवणींचें गांठोडें मागें ठेवावें लागावें, हें मोठेंच न्यून होय.

इतकें सगळें असतां या खटाटोपांत शिरोळच्या माणसानें पडावें कां? त्याचें उत्तर पुराच्या पाण्यांत आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें, म्हणजे हेगडे यांच्या प्रकरणाआधीं तीनच महिने, कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानें तालुक्यांतील गांवेंच्या गांवें वेढलीं गेलीं. जुलै २०२१ मध्यें पुन्हां तीच पाळी आली. अशा वेळीं माणसाचे प्रश्न थोडे आणि नेमके असतात. कोयनेंतून किती पाणी सोडलें? राजापूर बंधाऱ्याची पातळी काय? अलमट्टींतून विसर्ग वाढला का? कोणता रस्ता अजून चालू आहे? कारभाऱ्याच्या मर्जीनें लावलेल्या यादींत दोन दिवसांपूर्वींचें हृदयद्रावक चित्र वर राहूं शकतें आणि आत्तांच बंद झालेल्या रस्त्याची बातमी खालीं जाऊं शकते. काळाच्या क्रमानें चालणाऱ्या यादींत ताजी बातमी वर असते. व्हॉट्सॲपचे समूह अशा प्रसंगीं कामास येतात, हें कोणीहि नाकारणार नाहीं, कारण माणसें तेथें आधींच असतात. परंतु एका समूहांतील माहिती दुसऱ्याला दिसत नाहीं, आणि पुढें पुढें ढकलल्या गेलेल्या निरोपाचा मूळ लेखक व मूळ वेळ बहुधा हरवलेली असते. उघड्या जागेंत कोणी, कधीं, कोठून लिहिलें तें दिसतें. वाडीच्या माणसाचें विधान कुरुंदवाडच्या माणसाला तेथल्या तेथें दुरुस्त करतां येतें.

मात्र पुराच्या रात्रीं ओळख करून घ्यावयास वेळ नसतो. उन्हाळ्यांत ज्याच्याशीं आपण उसाच्या खोडव्यावर चार शब्द बोललों, त्याच्याच शब्दावर श्रावणांत विश्वास ठेवतों. दक्षिणद्वाराचा सोहळा झाला का, पादुकांवर पाणी कितपत आहे, ही पावसाळ्यांतली रोजची विचारपूस वरवर क्षुल्लक वाटते. पण तिच्यांतूनच कोणाचें सांगणें खरें असतें आणि कोण वाढवून बोलतो हें ठरत जातें. म्हणून या बैठकींतील साध्या गप्पांना आम्ही फावल्या वेळचा चाळा समजत नाहीं. ज्या तालुक्याला दर पावसाळ्यांत एकमेकांच्या शब्दावर विसंबावें लागतें, त्याचे शब्द परक्या कारभाऱ्याच्या हवालीं असावे कीं नसावे, असा हा प्रश्न आहे.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. ही रचना तत्त्वतः योग्य आहे व व्यवहारांत अपुरी आहे. तिचें अपुरेपण यंत्रानें थोडें भरून निघेल, माणसांनीं पुष्कळ. सबंध महाराष्ट्रासाठीं एखादें अवाढव्य मराठी संस्थान उभारण्याचे बेत करण्यापेक्षां एखाद्या वाचनालयानें किंवा महाविद्यालयानें आपल्या तालुक्यापुरतें लहानसें चालवावें, त्याच्या खर्चाची तरतूद आधीं करावी, आणि रोज सायंकाळीं अर्धा तास बसून आलेल्याला उत्तर देणारीं दोन-तीन माणसें नेमावीं. आणि जो एकटाच जाईल त्यानें पहिल्या दिवशीं कांहीं जाहीर करूं नये. कोणाचा तरी अनुत्तरित प्रश्न शोधावा, आणि आपल्याला ठाऊक असेल तेवढें त्याला सांगावें.