बिजवरांना प्रेम, विधवांना उद्धार

एकोणिसाव्या शतकावरच्या मराठी प्रेमकथेचा नायक बहुधा बिजवर निघतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ‘उंच माझा झोका’ (२०१२) या मालिकेतले न्यायमूर्ती रानडे बिजवर, ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) या चित्रपटातले गोपाळरावही बिजवर. एकाची वधू अकरा वर्षांची, दुसऱ्याची नऊ. पहिली बायको गेल्याचं दुःख, दुसरीला जवळ करतानाची घालमेल यांना अशा कथांत जागा अपुरीच. पाटी-पेन्सिल हाती दिली की झालं प्रेम!

रानड्यांचंच घ्या. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली. मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने लहानगी सून आणली, आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता निमूटपणे बोहल्यावर चढला. यापेक्षा धारदार नाट्य कुठल्या लेखकाला हवं?

आणि विधवा? हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतल्या यमूच्या वाट्याला केशवपन आलं. तिच्यामागून आलेल्या उद्धारपर कादंबऱ्या आज वाचवत नाहीत.

अपवाद जयवंत दळवींचा. ‘बॅरिस्टर’ (१९७७) नाटकात वाड्यातल्या दोन बायका समोरासमोर येतात: आलवणातली मावशी आणि नुकतीच विधवा झालेली राधा. विजया मेहतांची मावशी आणि सुहास जोशींची राधा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. इथे विधवा हा समाजाचा प्रश्न नाही. तिला देह आहे, हौस आहे. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर बोलतो भरपूर, ऐन वेळी मात्र कच खातो. सुधारकाचा पुतळा न करता दळवींनी त्याला माणूस ठेवलं, म्हणून ती प्रेमकथा जिव्हारी लागते.

कच न खाणारा माणूसही महाराष्ट्रात होऊन गेला. १८९१ मध्ये राधाबाई गेल्यावर धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे मित्राची बहीण, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. मुरूडने दोघांना वाळीत टाकलं. पुढे याच गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिलं. नाटककार कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’त त्यांच्यावरच बेतलेल्या बयोचा संसार आणि तिची फरफट दाखवली, २०१९ मध्ये ते नाटक पुन्हा रंगमंचावर आलं. पण एकमेकांना होकार देणारी ती दोघं? त्यांच्यावर कुणाला मालिका सुचत नाही.

प्रेक्षकाला झेपणार नाही, ही सबब तर आता चालायचीच नाही. ‘अग्गंबाई सासूबाई’ मालिकेत सून शुभ्रा पदर खोचून विधवा सासूचं, आसावरीचं, लग्न लावते, पोटचा सोहम नाक मुरडतो, तरी आसावरी शेफ अभिजित राजेंचा हात धरते. बोरिवली-मुलुंडच्या घराघरांत जेवणाची ताटं घेऊन लोकांनी हे पाहिलं. आजच्या विधवेला प्रेम चालतं, तर १८९३ च्या विधवेला का नको? तिच्या वाट्याला एखादा साधा मास्तर, कारकून द्या. सुधारणेवर भाषण न ठोकता फक्त तिच्यावर भाळलेला. आणि लग्नाला होय की नाही, हे तिला तिच्या तोंडाने सांगू द्या.